आत्याबाईंच्या पेशी

बुध., ८ जाने.

फर्स्ट शिफ्ट. क्रँकशाफ्टचा नवीन लॉट. दुपारपर्यंत सगळे पास, मग एक निघाला. आत, अगदी मधोमध, केसाएवढी भेग. बाहेरून आरशासारखा. लाल रंग मारून बाजूला काढला. सुपरवायझर म्हणे, "मॅडम, परत एकदा प्रोब फिरवा." फिरवला. आत सोडलेला आवाज परत त्याच जागी आपटून आला, तोच इको. त्याला लॉट पुढे ढकलायचा होता. मला नाही.

घरी आले तर आत्याबाई पायरीवर उन्हाला बसलेल्या, डोक्याला लेकाचा, संतोषचा मफलर. पाचवी किमो होऊन आठवडा झाला. या घरात सून म्हणून येऊन मला चौदा वर्षं झाली, सासूबाईंना एवढं बारीक कधी बघितलं नव्हतं.

रोजचा प्रश्न: "आज कुणाला नापास केलंस?"
"एकाला."
"भायेरून कळत व्हतं?"
"नाही."
मफलर कानावर ओढला. मग, "माजंबी न्हाई कळलं. धा महिने गाठ घिऊन हिंडले."

भाकरी अर्धी. ताक पूर्ण.

शुक्र., १० जाने.

क्वालिटीच्या साहेबांनी केबिनला बोलावलं. मला वाटलं परवाच्या रिजेक्टवरून असेल. तर वेगळंच. निगडीकडच्या एका कॉलेजात लॅब आहे, तिथे कॅन्सरच्या पेशींवर अल्ट्रासाउंडचे प्रयोग चालतात. आपण लोखंडात सोडतो त्याच जातीचा आवाज, बेत वेगळा. त्यांच्या चार प्रोबमधून आवाज सारखा येत नाही म्हणतात. मोजून देणारं कुणीतरी हवंय.

"गुरुवारी तुम्हाला सुट्टी असते. जमेल का? सक्ती नाही."

त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हणाले. घरी अजून सांगितलं नाही. आधी बघू तरी.

गुरु., १६ जाने.

गेले. तळेगाव चौकात पाऊण तास अडकले, पुढे मोशीवरून बस.

लॅबच्या मेघना मॅडम माझ्यापेक्षा लहान, तिशीच्या. काळेवाडीत वाढल्या, वडील कंपनीतून रिटायर. मी असतानाच त्यांचा फोन आला. "जय भीम पप्पा, जेवलात का," एवढं बोलून ठेवला. लॅब म्हणजे दोन खोल्या. सगळं एकट्याच बघतात. एक फ्रिजएवढं कपाट आहे, त्यात माणसाच्या अंगाएवढी ऊब. पेशींच्या बशा त्यात.

समजावून सांगितलं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. गाठ जागच्या जागी असेल तर कापून काढता येते. जीव जातो तो ती पसरते म्हणून. पेशी सुटतात, सरपटत निघतात, दुसरीकडे घर करतात. या प्रयोगात त्यांना मारायचं नाही. हलका आवाज द्यायचा नि त्यांची चाल मंदावते का बघायचं. बशीच्या तळाला पेशींची साय धरते. त्या सायीत बारीक टोकाने एक रेघ ओढायची, म्हणजे मोकळी वाट झाली. मग दोन्ही काठांच्या पेशी ती वाट भरायला निघतात. आवाज दिलेल्या बशीत ती किती वेळात भरते, न दिलेल्या बशीत किती, एवढंच मोजायचं.

मायक्रोस्कोपमधून बघितलं. काळं काटेरी काहीतरी दिसेल असं धरून होते. दिसल्या त्या नितळ, एकमेकींना खेटून बसलेल्या, अंगणातल्या शहाबादी फरशांसारख्या. राग आणायचा प्रयत्न केला. आला नाही.

प्रोब मोजले. दोन चांगले, एक निम्मा, एक मेल्यात जमा. मॅडम म्हणाल्या, "तरीच तिसऱ्या बशीत गोंधळ व्हायचा."

पुढच्या गुरुवारीही जाणार.

शुक्र., १७ जाने.

आत्याबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या, हात थांबवला नाही.

"आवाजानं?"
"हो. कानाला ऐकू येत नाही असला."
"आन् त्यानं त्या मरत्यात?"
"मरत नाहीत. हलायच्या थांबतात. म्हणजे हळू होतात."

मग म्हणाल्या, "आमी ज्वारीत माळ्यावर हुबं राहून डबा वाजवायचो. पाखरं मरत न्हाईत त्यानं. उठत्यात नि दुसऱ्याच्या रानात बसत्यात. ह्या उठून कुटं बसत्यात, इचार तुज्या म्याडमला."

आता त्या रानावर कंपनी उभी आहे. घरामागे दहा गुंठे उरलंय तेवढंच.

गुरु., २३ जाने.

विचारलं. मला वाटलं मॅडम हसतील. नाही हसल्या. "मागच्या मीटिंगला मोठ्या सरांनी हेच विचारलं होतं," म्हणाल्या. "बशीत तरी त्या कुठे जात नाहीत, बसल्या जागी बसतात. शरीरात काय करतील ते कुणालाच माहीत नाही. बशीपासून शरीर फार लांब आहे, ताई."

काल आत्याबाईंची शेवटची, सहावी किमो झाली. आज दिवसभर उलट्या. संध्याकाळी डोळे मिटूनच विचारलं, "काय म्हनली?" सांगितलं ते.
"म्हाईत न्हाई म्हनली? मंग बरी हाय. न्हाईतर समद्यांना समदं म्हाईत असतंय."

गुरु., ६ फेब्रु.

नवीन प्रोब लावून पहिल्यांदा पूर्ण प्रयोग. आज फोटो बघितले. न दिलेल्या बशीत वाट बुजून गेलेली, कुठे होती तेही कळत नाही. आवाज दिलेल्या बशीत रेघ तशीच, रुंद, मोकळी. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी लावले आणि परत परत बघत राहिल्या. मीही. मग त्यांनी चहा मागवला.

विचारून एक फोटो मोबाईलवर घेतला. आत्याबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"ही मधली वाट?"
"हो."
"अडवल्या व्हय गं वाटंत." रात्रीच्या जेवणापर्यंत मोबाईल त्यांच्याकडेच. संतोषला दाखवला. शेजारच्या काकूंना दाखवला, त्यांना वाटलं रस्त्याचा फोटो आहे.

आज भाकरी पूर्ण खाल्ली.

मंगळ., ११ फेब्रु.

तीन दिवस दम लागत होता. आत्याबाई म्हणत होत्या, किमोचा अशक्तपणा. आज रजा टाकून हॉस्पिटलला नेलं. आधी सोनोग्राफी, मग स्कॅन. उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी. सुईने काढलं, परत भरेल म्हणाले. डॉक्टरांनी संतोषला नि मला आत बोलावलं. पसरलाय. ऑपरेशन, सहा किमो, सगळं करून पसरलाय. आता गोळ्या देऊ, बघू, म्हणाले. "बघू" दोनदा म्हणाले.

सोनोग्राफीच्या खोलीत त्यांचा हात धरून उभी होते. जेलचा थंडपणा लागला तशी त्या दचकल्या नि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुज्या पोटावर फिरवायचे तवा मी भायेर बसायची. लई येळ लावायचे." सात वर्षं चालल्या होत्या माझ्या सोनोग्राफ्या. काही झालं नाही. त्या सात वर्षांत आत्याबाईंनी मला एकदाही काही ऐकवलं नाही. शेवटच्या वेळी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या होत्या, "आता बास. तुजं ते कोर्सचं कर." तो कोर्स म्हणजे हेच माझं यु.टी.चं, आवाजाने लोखंड तपासायचं. भावकीत कुजबुज झाली, सून कंपनीत चालली. त्यांनी डबा भरून हातात दिला होता.

त्यांना काय सांगायचं यावर सं. नि मी गाडीपाशी उभे. काही ठरलं नाही. घरी आल्यावर त्यांनीच विचारलं, "फुफ्फुसात गेला न्हवं?" सं. आत निघून गेला. मी हो म्हणाले.

गुरु., १३ फेब्रु.

जावं का नको करत गेले. मॅडमना सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, शेजारी बसून राहिल्या. बरं वाटलं.

मग काम. आणि काम करताना एक दिसलं. दिसायला नको होतं.

ज्या बशांना आवाज द्यायचा त्या कपाटातून काढून टेबलावर येतात. वीस मिनिटं तरी बाहेर, एसीत. ज्यांना आवाज द्यायचा नाही त्या तेवढा वेळ कपाटातच, उबेत. म्हणजे एक बशी गारठते, दुसरी नाही. गारठ्यात कोण जोरात चालतं? वाट अडली ती आवाजाने की थंडीने?

आमच्याकडे पहिला धडाच हा. ज्या ठोकळ्यावर मशीन लावून घेतो तो आणि तपासायचा जॉब एकाच तापमानाला पाहिजे. उन्हातला ठोकळा नि सावलीतला जॉब चालत नाही.

बोलले नाही. मॅडम एवढ्या खुश होत्या, पुढच्या महिन्यात मोठ्या सरांना सगळे आकडे दाखवायचेत, त्यावर प्रयोग चालू राहणार की बंद ते ठरणार. हे कारण लिहिते आहे, पण खरं कारण ते नाही. तो फोटो आत्याबाईंच्या उशाशी आहे. सं.ने मोठा प्रिंट काढून आणलाय.

शनि., १५ फेब्रु.

आज दोघांनी मिळून विचारलं. म्हणजे सं.ने. आत्याबाई ऐकत होत्या.

"वैशाली, ते मशीन केवढं आहे?"
"कशाला?"
"आपल्या टेम्पोत बसेल ना? एक दिवसासाठी आणू. रविवारी लॅब बंद असेल."
"ते माणसासाठी नाहीये."
"मग तुझं कंपनीतलं? तू रोज फिरवतेस."
"लोखंडावर फिरवते मी, संतोष."
"आवाज आवाजच ना?"

त्याचा आवाज चढला, माझाही. टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर गेला. नंतर खिडकीतून बघितलं तर टेम्पोच्या फळीवर बसून नुसता चाकाकडे बघत होता.

आत्याबाई म्हणाल्या, "त्याच्यावर रागावू नगंस. मीच बोल्ले व्हते त्याला." मग थोड्या वेळाने, "तू नुसतं ठिव की गं हितं. फुफ्फुसावर. कुणाला कळतंय?"

त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं आठवत नाही. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतात. मी म्हणाले, "आत्याबाई, त्याने बरं होईल की अजून पसरेल तेही मला माहीत नाही. कुणालाच नाही. म्हणून नाही ठेवणार."

मान हलवली. कूस बदलून झोपल्या. पाठ दिसत होती, मणके मोजता येतील अशी.

सोम., १७ फेब्रु.

सेकंड शिफ्ट. एक जॉब तीनदा तपासला. चांगला होता. मलाच खात्री वाटेना.

गुरु., २० फेब्रु.

सांगितलं. जाताना बसमध्ये वाक्य जुळवत होते, तिथे गेल्यावर एकही आठवलं नाही. म्हणाले, "मॅडम, आवाज न दिलेल्या बशाही बाहेर काढता का तेवढा वेळ?"

त्यांना लगेच कळलं. चेहऱ्यावरच दिसलं. "सुरुवातीला काढायचे," म्हणाल्या. "दिवाळीनंतर घाई झाली तेव्हा... सोडून दिलं. मीच."

वह्या काढल्या. पहिल्या प्रयोगांत बरोबर होतं, नंतरच्यांत नाही. आणि सुंदर फोटो सगळे नंतरचे. मॅडम खिडकीपाशी गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतायत. वळल्या तेव्हा डोळे कोरडे होते. "तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"मागच्या गुरुवारी."
"मग आठवडाभर...?"
"घरी फोटो लावलाय आम्ही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग कॅलेंडर ओढलं. सगळे परत करायचे. सरांना त्या स्वतः सांगणार आहेत. मी टेबलावर ऊब धरणारा गरम पाण्याचा ट्रे करून देते म्हणाले. आमच्या कंपनीच्या टूलरूममधला कारागीर करून देईल.

शनि., २२ फेब्रु.

आत्याबाईंनाही सांगायला हवं होतं. दोन दिवस टाळलं. आज दुपारी त्यांच्या पायाला तेल लावताना सांगितलं. बशा, थंडी, सगळं.

"म्हंजी गारठ्यानं बसल्या व्हत्या व्हय त्या."
"असेल. कदाचित आवाजानेही असेल. परत बघणार आहेत."
"तू काडलीस ती चूक?"
"हो."
"नापास केलंस." आणि हसल्या, दम लागेपर्यंत. मला वाटलं होतं त्या गप्प होतील. पाठ चोळत बसले. दम खाली आल्यावर म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. उद्या दुसऱ्या कुनाच्या उशाला लावला असता त्यो फोटू."

प्रिंट मात्र काढू दिला नाही. "ऱ्हाऊ दे. बघायला बरा हाय."

गुरु., ६ मार्च

गरम पाण्याचा ट्रे चांगला झालाय. दोन आठवडे मॅडमनी सुट्टी न घेता काम केलं. आज सगळे फोटो एकत्र लावले. दोन्ही बशा सारख्याच उबेत, सारखाच वेळ बाहेर.

वाट बुजली. दोन्हींत. पण सारखी नाही. आवाज दिलेल्या बशीत अजून चिंचोळी पट्टी शिल्लक आहे, नखाच्या कडेएवढी. तीन वेळा करून तिन्ही वेळा. पहिल्यासारखा फरक नाही, पण आहे.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "थोडाच आहे, पण आता तो खरा आहे." सरांनी चालू ठेवायला सांगितलंय. रागावले म्हणे आधी, मग म्हणाले की ज्यांनी दाखवलं त्यांचं नाव वहीत लिहा. लिहिलंय. मला दाखवलं. मी पर्स आवरत बसले.

गुरु., १३ मार्च, होळी

आत्याबाईंना पेशी बघायच्या होत्या. महिनाभर घोकत होत्या. गोळ्यांनी जरा तरतरी आहे. सं.ने टेम्पोऐवजी मित्राची गाडी आणली, मागे उशा लावल्या. मॅडमनी सणाचा दिवस असून दार उघडून दिलं. लिफ्ट बंद. सं.ने आईला दोन जिने उचलून नेलं. त्या म्हणत होत्या, "ठिव रं खाली, मान्सं बगत्यात." बघायला कुणी नव्हतं.

लुगड्याचा पदर खोचून स्टुलावर बसल्या. एक डोळा मिटता येईना, मी तळहात धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "कुनाच्या ह्या?"

मॅडमनी सांगितलं, परदेशातल्या एका बाईच्या. त्या बाई खूप वर्षांपूर्वी गेल्या, पेशी अजून वाढवतात, जगभरच्या लॅबमध्ये जातात.
"नाव काय तिचं?"
"मला माहीत नाही, आई. आमच्याकडे बाटलीवर नुसता नंबर येतो."
"लेकरंबाळं?"
"तेही माहीत नाही."

आत्याबाईंनी परत डोळा लावला. मग मागे सरल्या नि माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघून बोलल्या. "तुमचा आवाज माज्यावर चालनार न्हाई, हे वैशालीनं सांगितलंय. पर माज्या पेशींवर चालंल का? ते पानी काडत्यात न्हवं फुफ्फुसातलं. फेकूनच देत्यात. त्यात असत्याल की."

मॅडम थक्क. मी तर होतेच. असतात, मॅडम म्हणाल्या. आणि तुमच्या हॉस्पिटलची आम्हाला तशी परवानगीही आहे, पण असं घाईने नाही, डॉक्टरांशी बोलू, कागद होतील, तुम्ही विचार करा.

"क्येला इचार," आत्याबाई म्हणाल्या.

परत येताना जागोजागी होळ्या पेटत होत्या. मागच्या सीटवर झोपून गेल्या. सं. गाडी चालवत होता. घर आल्यावर म्हणाला, "मला नाही पटत. तिचं आहे ते सगळं घेतलंच ना कापून? आता हेपण द्यायचं?"

बुध., १९ मार्च

मॅडम घरी आल्या, संमतीचा कागद घेऊन. डॉक्टरांची सही आधीच झालीय. आत्याबाईंनी त्यांना पलंगावर शेजारी बसवलं, चहा दोनदा करायला लावला. चष्मा लावून कागद स्वतः वाचला, एकेका अक्षरावर बोट ठेवत. अर्धा तास लागला. एका ओळीवर बोट थांबलं.

"'रुग्णास याचा प्रत्यक्ष उपयोग होणार नाही.' हे खरं हाय?"
"हो, आई."
"सही कुटं करू?"

मॅडम म्हणाल्या, नाव कुठेही जाणार नाही, बाटलीवर नंबर टाकणार, तसा नियम आहे. ते आत्याबाईंना आवडलं नाही. "लंबर कसला? ढोरं हायेत का?" मॅडम खाली बघून हसल्या. म्हणाल्या, "बाटलीवर नंबर असू दे. मला माहीत असेल ना, द्वारकाबाईंच्या आहेत म्हणून."

सही केली. द्वारका, एवढंच. साक्षीदार म्हणून घरातल्या कुणाचीतरी हवी होती. मी सं.कडे बघितलं. तो दारात उभा होता. पेन मागितलं. आईच्या सहीकडे बघत राहिला, मग तिच्या खाली आपली केली. मॅडमना चाकणच्या बसस्टॉपला सोडून आला.

सोम., २४ मार्च

पाणी परत भरलं होतं. सुई टाकताना मी समोर बसून त्यांचे दोन्ही हात धरले, कपाळ माझ्या खांद्यावर. सव्वा लिटर निघालं. पिवळसर. नेहमी ते कुठे जातं ते बघितलं नव्हतं. आज त्यातलं थोडं बाटलीत भरून मॅडम घेऊन गेल्या, छातीशी धरून, डबा धरतात तशी. आत्याबाईंनी मान वळवून बघितलं.

"गार व्हऊ दिऊ नगं," म्हणाल्या.

रवि., ३० मार्च, पाडवा

गुढी सं.ने उभारली. आत्याबाई खुर्चीवर बसून सूचना देत होत्या, काठी वाकडी, साखरेची माळ आखूड. पुरणपोळीचे दोन घास. पायाला सूज आलीय. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी वाढवली.

लॅबमधून काही नाही. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, माणसाच्या अंगातून काढलेल्या पेशी बशीत सहज जगत नाहीत. लॅबमधल्या त्या मुरलेल्या, या नव्या. बऱ्याचदा धरतच नाहीत.

आत्याबाई विचारत नाहीत. मोबाईल वाजला की बघतात.

सं. संध्याकाळी ओट्यापाशी येऊन म्हणाला, "धरल्या नाहीत तर तिला काय सांगायचं?" मी म्हणाले, जे असेल ते. "आणि धरल्या तर?" मी कणीक मळत राहिले.

गुरु., ३ एप्रिल

मॅडमचा फोन सकाळी आठला. "ताई, चिकटल्या."

निगडीला गेले. बघितलं. त्या परदेशी बाईच्या फरशीसारख्या होत्या. या तशा नाहीत. विरळ, दोन-दोन तीन-तीनचे पुंजके, कुठे एखादी एकटीच, कडा दातेरी. पण तळाला धरून आहेत. दुभंगून दोन होतानाही एक दिसली. मॅडम म्हणाल्या, साय धरायला दोन आठवडे लागतील, धरली तर. मग वाट पाडायची, मग आवाज.

मला आनंद झाला. खरंच झाला, मॅडमना मिठी मारली. बसमध्ये बसल्यावर मग उमगलं की आपण कशाचा आनंद केला. याच आहेत त्या. यांनीच त्यांचा श्वास आखडलाय. मोशी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

घरी आत्याबाई अंगणात बाजेवर. पायाखाली उशी.

"जगल्या व्हय?"
"हो."

डोळे मिटले. मग म्हणाल्या, "चिवट हायेत. माज्याच हायेत." हात पुढे केला, मी धरला. सुजेने अंगठी रुतलीय, उद्या साबण लावून काढायला हवी.

"आवाज कदी देनार?"
"दोन आठवडे म्हणाल्या. साय धरली तर."
"दोन आटवडे." बोटांवर काहीतरी मोजलं. "म्या असन का?"

मी म्हणाले, मॅडमना विचारून बघते जरा लवकर होतं का. त्यावर हात पसरला. "दे हिकडं. मीच बोलते तिच्याशी."

नंबर लावून दिला. आत येऊन भात टाकला नि ओट्यापाशी उभी राहून हे लिहिते आहे. दारातून त्यांची पाठ दिसते, कानाला मोबाईल, दुसऱ्या हाताने पदर सावरतायत. सं. बाजेच्या पायथ्याशी बसून त्यांचे पाय दाबतोय. काय बोलतायत ते इथवर येत नाही. बराच वेळ झाला. मधेच एकदा हसल्या.